खिशातली चिठ्ठी

समजा, पांढरकवड्याकडचं एक खेडं आहे. तिथले एक काका सायकलवर बाजाराला गेले. सायकल जुनी, पण धडधाकट. बाजार झाला. सरकीच्या ढेपेचं पोतं कॅरिअरला बांधलं. ओळखीचे लोक भेटले. चहा झाला. बोलता बोलता उशीर झाला. दिवस पौषाचे. साडेपाच-पावणेसहाला सूर्य बुडाला. काका अजून मोठ्या सडकेवरच होते.

मागून एक गाडी आली. ड्रायव्हरला काका दिसले, पण फार उशिरा दिसले. धक्का लागला. काका सडकेच्या कडेला पडले. डोक्याला मार लागला. शुद्ध गेली.

लोक जमले. कोणीतरी फोन केला. रुग्णवाहिका आली. काका दवाखान्यात पोचले. इथपर्यंत ठीक झालं. आता डॉक्टर विचारतात, "यांचं नाव काय? गाव कोणतं?" कोणाला माहीत नाही. काकांच्या खिशात मोबाइल होता. पण पडताना त्याची काच फुटली. तो सुरूच होत नाही. दवाखान्याच्या वहीत नावाच्या जागी 'अनोळखी' असं लिहिलं जातं.

इकडे घरी काय चाललं आहे? काकू दारात उभ्या. आठ वाजले, नऊ वाजले. मुलगा मोटारसायकल घेऊन बाजाराच्या रस्त्यानं गेला. ज्या जागी वडील पडले, त्या जागेवरून तो गेला. पण तिथं आता कोणी नव्हतं. सायकलसुद्धा कोणीतरी उचलून ठेवली होती. तो बाजारापर्यंत जाऊन परत आला. त्याचे वडील त्या वेळी दवाखान्यात होते, आणि त्यांना काही सांगता येत नव्हतं.

ही गोष्ट मनानं रचलेली आहे. पण यात न घडण्यासारखं काय आहे? तुम्हीच सांगा.

नाव माहीत नाही म्हणून डॉक्टर उपचार थांबवत नाहीत. हे आधी लक्षात घ्या. पण काकांना साखरेचा आजार आहे, हे डॉक्टरला कोण सांगणार? काका बेशुद्ध आहेत ते मारामुळं, की अंगातली साखर उतरल्यामुळं? डॉक्टर ते तपासून काढतात. पण त्यात वेळ जातो. एक हातभर चिठ्ठी खिशात असती, तर हा वेळ वाचला असता. हातभर कशाला, चार बोटं चिठ्ठी पुरली असती.

त्या चिठ्ठीबद्दल सांगायचं आहे. पण आधी थोडं सडकेबद्दल सांगतो. काका पडलेच नसते, तर चिठ्ठीची गरजच नव्हती.

कोणी म्हणेल, "भाऊ, मी वीस वर्सं झाले याच रस्त्यानं जातो. मले काय होते?" खरं आहे. माणूस तोच आहे. पण रस्ता तोच राहिला का? वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी ही गावं ज्या हमरस्त्यावर आहेत, तो काश्मीरातल्या श्रीनगरपासून थेट कन्याकुमारीपर्यंत जातो. पूर्वी इथं त्याला सात नंबरचा रस्ता म्हणत. २०१० साली नंबर बदलले, तेव्हा तो ४४ नंबरचा झाला. रस्ता रुंद झाला. गाड्यांचा वेग वाढला. दुसरा मोठा रस्ता तुळजापूरकडून येतो. तो उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ, कळंब असा वर्ध्याकडे जातो. वणीकडे तर कोळशाचे ट्रक रात्रंदिवस चालतात. याच सडकांवर कापसाच्या हंगामात बैलगाड्या असतात, ट्रॅक्टर असतात, आणि आपण सायकलवाले असतो.

वेग म्हणजे काय, ते एकदा हिशेब करून पाहा. गाडी तासाला ६० किलोमीटर चालली, म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर झाली. एक किलोमीटर म्हणजे हजार मीटर. मिनिटाचे सेकंद ६०. म्हणजे एका सेकंदाला गाडी सोळा-सतरा मीटर पुढे जाते. फुटांत सांगायचं तर पंचावन्न फूट. ड्रायव्हरला तुम्ही दिसलात. त्याच्या मनानं ओळखलं. पाय ब्रेकवर गेला. एवढ्यालाच एखादा सेकंद लागतो. तोवर गाडी पंचावन्न फूट पुढे आलेली असते. ब्रेक लागल्यावरही भरलेला ट्रक जागच्या जागी थांबत नाही. तो आणखी तेवढाच, किंवा त्याहूनही जास्त पुढे जातो.

म्हणून ड्रायव्हरला आपण लांबून दिसलं पाहिजे. सगळं त्यावरच आहे.

पुष्कळांना वाटतं, ट्रकला एवढे मोठे दिवे आहेत, मग मी दिसणारच. तसं नाही. उजेड तुमच्यावर पडून परत त्याच्या डोळ्यांत गेला, तरच तुम्ही दिसता. काळी घोंगडी, गडद स्वेटर उजेड गिळून टाकतात. पांढरा सदरा, पांढरं धोतर उजेड परत पाठवतात. आपले म्हातारे लोक पांढरे कपडे घालत. अंधारात ते लांबून दिसत. थंडीत घोंगडी घ्यावीच लागते, हे मान्य. मग वरून एक पांढरा दुपट्टा पाठीवर बांधा. त्याची टोकं मात्र आत खोचा. लोंबती राहिली तर चाकात जातात.

रात्री गोठ्यात बॅटरी मारली, तर बैलाचे डोळे कसे चमकतात? डोळ्यांत काही दिवा नसतो. आलेला उजेड ते परत पाठवतात. मांजराचेही तसेच. १९३४ साली पर्सी शॉ नावाच्या इंग्रज माणसानं यावरून सडकेत बसवायचे काचेचे डोळे काढले. आपल्या हमरस्त्यांवर आज रात्री जे खडे चमकतात, ते त्याच जातीचे. सायकलच्या मागचा लाल काचेचा तुकडा म्हणजे असाच डोळा. तो फुटला असेल तर दुकानातून नवा घ्या. नाहीतर रेडियमची पट्टी लावा. तिला रेडियम म्हणतात, पण तिच्यात रेडियम नसतं, आणि ती आपणहून उजळत नाही. तिच्यावर धूळ बसली, की ती आंधळी होते. म्हणून आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं पुसा. एक पट्टी मागच्या मडगार्डवर आणि एक-एक दोन्ही पायडलांना लावा. पायडल वर-खाली होतं, तशी चमक हलते. हलती चमक ड्रायव्हरला चटकन ओळखू येते. बैलगाडीच्या मागेही पट्टी हवी. कापूस बाहेर लोंबून ती झाकली तर जात नाही ना, तेवढं बघा. समोरून दिसण्यासाठी हॅण्डलला एक छोटी बॅटरी बांधा.

पूर्वी आपल्याकडे कित्येक शहरांत नगरपालिकेचा बिल्ला लावल्याशिवाय सायकल चालवता येत नसे. दिव्याशिवाय रात्री निघालं, तर पोलीस अडवत. लोक कुरकुर करत. आता अडवणारं सहसा कोणी नाही. कुरकुर गेली, आणि दिवाही गेला.

बाजूची गोष्टही समजून घ्या. सायकल हे वाहन आहे. ते डाव्या बाजूनंच चालवायचं. काही जण उलट्या बाजूनं जातात. म्हणतात, "समोरची गाडी आपल्याले दिसते ना!" गाडी दिसते, हे खरं. पण हिशेब करा. तुम्ही तासाला १५ किलोमीटर जाता, ट्रक ६० जातो. दोघं एकाच दिशेनं असाल, तर तो तुमच्याकडे ४५ च्या वेगानं येतो. समोरासमोर असाल, तर ७५ च्या वेगानं येतो. पायी चालणाऱ्याचं मात्र वेगळं आहे. फुटपाथ नसेल, तर पायी चालणाऱ्यानं उजव्या कडेनं, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालावं. तो पटकन बाजूला होऊ शकतो. पोतं लादलेली सायकल होऊ शकत नाही.

ट्रक वळणावर उभा असेल, तर त्याच्या डाव्या अंगाला शिरू नका. खाली, चाकाजवळ काय आहे, ते ड्रायव्हरला दिसत नाही. तुम्हाला त्याच्या आरशात त्याचं तोंड दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

एवढं करूनही एखादा पडतो. मग कडेला उभे असलेले लोक काय करतात, यावर पुष्कळ अवलंबून असतं. लोक घाबरतात. "काहून झंझट मांगं लावून घेता? पोलीस आपल्यालेच धरतील." ही भीती जुनी आहे, आणि पूर्वी ती अगदीच खोटीही नव्हती. पण आता कायदा बदलला आहे. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे नियम मान्य केले. २०१९ साली ते संरक्षण मोटार वाहन कायद्यातच आलं. चांगल्या मनानं जखमीला मदत करणाऱ्यावर खटला होत नाही. पोलीस त्याला नाव सांगायची जबरदस्ती करू शकत नाहीत. जखमीला दवाखान्यात पोचवून तुम्ही घरी जाऊ शकता.

फोन ११२ ला किंवा १०८ ला करा. पैसे पडत नाहीत. १०८ ची रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. फोनवर पलीकडचा माणूस विचारतो, कुठं? "मोठ्या सडकेवर" म्हणून चालत नाही. जवळचा किलोमीटरचा दगड पाहा. राष्ट्रीय हमरस्त्याच्या दगडाचा माथा पिवळा असतो, राज्याच्या रस्त्याच्या दगडाचा हिरवा. त्यावरचं गाव आणि आकडा वाचून सांगा. आता तुम्हाला वाचता येतं.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. आपल्याकडे हे फार करतात, मायेनंच करतात. पण ते पाणी श्वासाच्या नळीत जातं. रक्त वाहत असेल, तर स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरा. मान वाकडी-तिकडी करू नका.

पैशांचंही ऐकून ठेवा. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारनं एक योजना सुरू केली. मोटारवाहनाच्या अपघातात जखमी झालेल्याला ठरलेल्या दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार पैसे न भरता मिळतो. सायकलवाल्याला गाडीनं उडवलं, तर तोही यात येतो.

आता चिठ्ठी.

ही कल्पना काही नवी नाही. सैनिकाच्या अंगावर धातूचा बिल्ला असतो. त्यावर त्याचं नाव आणि नंबर कोरलेला असतो. आपल्याकडे जत्रेत हातावर नाव गोंदवून घेतात. हौस म्हणून गोंदवतात, पण ते नाव कधी माणसाची ओळखही पटवतं. गोंदलेलं नाव पुसत नाही. पण त्यात गाव नसतं, फोन नसतो.

वहीचा पुठ्ठा घ्या. पत्त्याच्या पानाएवढा कापा. बॉलपेननं लिहा. शाईच्या पेननं नको, घामानं शाई पसरते. पहिल्या ओळीत तुमचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव. खाली मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. तालुका सोडू नका. आपल्या जिल्ह्यात तालुके १६ आहेत. पिंपळगाव, वडगाव ही नावं तर जागोजाग सापडतात. नुसतं वडगाव लिहिलं, तर पोलीस कोणत्या वडगावात जाणार?

मग फोन नंबर लिहा. एक नाही, दोन. घरचे सगळे वावरात असले, तर फोन लागेलच असं नाही. म्हणून दुसरा नंबर दुकानदाराचा किंवा दिवसा घरी असणाऱ्या शेजाऱ्याचा द्या. त्याला विचारून मग द्या. नंबरचे दहा आकडे मोजून पाहा. मराठी आकड्यांत लिहा, आणि खाली इंग्रजी आकड्यांतही लिहा. पैनगंगेपलीकडे तेलंगण आहे. तिथला पोलीस तेलुगू वाचतो. मदतीला उतरलेला ट्रकवाला पंजाबचा असेल. इंग्रजी आकडे सगळ्यांना कळतात. ते अजून लिहिता येत नसतील, तर शाळेतल्या नातवाकडून लिहून घ्या. बाकीचं तुमच्या हातानं लिहा.

खाली आजार लिहा. साखर, मिरगी, दमा, हृदयाचा आजार. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर जरूर लिहा, कारण अशा माणसाचं रक्त लवकर थांबत नाही. एखाद्या इंजेक्शननं अंगावर गांधी उठतात, तेही लिहा. विदर्भात पुष्कळ कुटुंबांत सिकलसेल आहे. त्या रोग्याच्या अंगातलं पाणी कमी पडू देऊन चालत नाही. डॉक्टरला ते लगेच कळलं पाहिजे. यात लाजण्यासारखं काही नाही.

रक्तगट तपासून माहीत असेल, तरच लिहा. अंदाजानं लिहू नका. रक्ताचे गट असतात, हे कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली दाखवून दिलं. म्हणून रक्त देण्याआधी गट जुळवून पाहतात. दवाखाना तुमच्या चिठ्ठीवर विसंबत नाही, पुन्हा तपासतोच. बँकेचा नंबर, एटीएमचा गुप्त आकडा यावर कधीच लिहू नका. चिठ्ठी कोणाच्याही हातात जाऊ शकते.

चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, आणि अंगावर ठेवा. बंडीचा खिसा, कमरेचा बटवा, कुठंही चालेल. सायकलच्या पिशवीत नको. सायकल सडकेवर राहते, आणि माणूस दवाखान्यात जातो. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून खेड्यातल्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. त्या मुलींच्या दप्तरात चिठ्ठी असते, पण दप्तर पडताना लांब उडतं. त्यांच्याही खिशात एक हवी.

फोन नंबर बदलला, की चिठ्ठी नवी करा. आणि सदरा धुवायला टाकताना आधी खिसा पाहायला घरात सांगून ठेवा.