टी-शर्ट, टोप्यांची ऑर्डर देताय? आधी प्रिंटिंगवाल्यांची भाषा समजून घ्या

गोंदिया शहर असो की तिरोडा, आमगाव, देवरी. ईद-ए-मिलादचा जुलूस, रक्तदान शिबिर किंवा क्रिकेटची स्पर्धा आली की कमिटीच्या नौजवानांना एकसारखे टी-शर्ट आणि टोप्या हव्या असतात. पैसा चंद्याचा असतो. दुकानदार जीएसएम, डीटीएफ, सब्लिमेशन असं काहीबाही बोलतो, आपण मान हलवतो आणि एकच विचारतो, "कितीला पडेल?" खरं तर भाव या शब्दांवरच ठरतो. म्हणून ते इथे सोपे करून सांगत आहोत.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. 130-140 जीएसएमचा टी-शर्ट पातळ, 180 चा जाडसर. दोन दुकानांचे दर जुळवून बघताना जीएसएम सारखा आहे का, हे आधी विचारा.

छपाईचे मुख्य प्रकार तीन. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाची वेगळी जाळी बनते. तो खर्च एकदाच लागतो, म्हणून एक-दोन रंगांचे 200 टी-शर्ट स्वस्त पडतात आणि 10 महाग. डीटीएफमध्ये डिझाइन फिल्मवर छापून, चिकट पावडर लावून, हीट प्रेसने कपड्यावर दाबतात. कितीही रंग चालतात, सुती कपडा चालतो, काळाही चालतो. पण पाठभर छापलं की तेवढ्या भागातून हवा जात नाही. उन्हातल्या जुलूसात ते कळतंच. सब्लिमेशनची शाई धाग्यातच मुरते, हाताला लागत नाही. खेळाडूंच्या जर्सी बहुधा अशाच असतात. मात्र ती पॉलिस्टरवर आणि पांढऱ्या किंवा फिक्या रंगावरच नीट उठते. साध्या सुती टी-शर्टवर कुणी सब्लिमेशन करून देतो म्हणाला, तर आधी एक नग धुऊन बघा.

टोपीवरच्या भरतकामात 'डिजिटायझिंग'चे पैसे वेगळे लागतात. म्हणजे डिझाइनची टाक्यांची फाइल बनवणं. हा खर्चही एकदाचाच, त्यामुळे फाइल मागून ठेवा, पुढच्या वर्षी कामी येईल. भरतकामाचा दर टाक्यांच्या संख्येवर असतो.

आता आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. उर्दू-अरबी मजकूर उजवीकडून डावीकडे जातो आणि अक्षरं जोडून येतात. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली आणि तो फॉन्ट तिथे नसला, तर अक्षरं सुटी होतात, कधी क्रमच उलटा होतो. ऑपरेटरला उर्दू वाचता येत नसेल, तर त्याला यात काही चुकलंय हे दिसणारच नाही. यावर उपाय 'कर्व्ह'. कोरलड्रॉमध्ये मजकूर कर्व्ह केला की अक्षरांची चित्रं होतात, मग फॉन्ट बदलत नाही. पण नंतर एक नुक्ताही टाइप करून दुरुस्त होत नाही, म्हणून कर्व्ह करण्याआधीच जाणकाराकडून वाचून घ्या. दुसरा शब्द 'मिरर'. सब्लिमेशनचा कागद आणि डीटीएफची फिल्म उलटी छापतात, तेव्हा कपड्यावर सुलटं येतं. मिरर करायचं राहिलं तर सगळंच आरशासारखं उलटं. मराठीत ती चूक कुणीही पकडेल, उर्दूत नाही. म्हणून मोबाइलवरच्या फोटोवर 'ओके' म्हणू नका. काम नागपूरला दिलं असलं तरी छापलेला एक नग हातात घ्या, उर्दू जाणणाऱ्याला दाखवा, मगच बाकीचे छापायला सांगा.

आमचं मत विचाराल तर कलमा, आयत किंवा मुबारक नावं टी-शर्टवर छापूच नयेत. टी-शर्ट घामाने भिजतो, कुठेही टाकला जातो, जुना झाला की पुसणं होतो. बेअदबी टाळायची तर कमिटीचं नाव आणि साल पुरे. जुलूस 15 ऑगस्टच्या आसपास आला की तिरंगा छापायची हौस होते. पण राष्ट्रध्वज कपड्यावर छापायला 1971 च्या राष्ट्रीय सन्मान कायद्याने मनाई आहे.

बिल पक्कं घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून नगाला 2500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर जीएसटी 5 टक्के आहे. सांगितलेल्या दरात तो धरलाय का, जाळीचे आणि डिजिटायझिंगचे पैसे धरलेत का, हे ॲडव्हान्स देण्याआधी विचारा आणि जीएसएम, छपाईचा प्रकार, साइजप्रमाणे नग, तारीख बिलावर लिहून घ्या.