लेथवर लाकडी पेन : मावळात आधी लाकूड सांभाळा

घरी लाकडी पेन करायचंय? साग, शिसव किंवा बाभळीचा पाऊण इंच जाडीचा चौकोनी तुकडा पुरतो. सुताराकडच्या उरल्यासुरल्या मालात सहज मिळतो. पण लोणावळा-मावळच्या पावसाळ्यात हवेतला ओलावा लाकडात मुरतो. अशा लाकडाचं पेन उन्हाळ्यात आकसतं, आतली पितळी नळी मात्र आकसत नाही आणि पेनाला चीर जाते. म्हणून तुकडे उन्हाळ्यातच सावलीत वाळवा आणि पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

स्लिमलाइन किटसाठी (पेनाच्या सुट्या भागांचा तयार संच) ७ मिमीचं भोक पाडून नळी इपॉक्सीने चिकटवा, टोकं काटकोनात सपाट करा. मग तुकडा मँड्रेलवर (लेथमध्ये बसणारा बारीक दांडा), दोन्ही बाजूंना बुशिंग (जाडीचं माप दाखवणाऱ्या कड्या). पटाशी धारदार, हात हलका. कोपरे उडेपर्यंत हाताला ठकठक जाणवते. ती थांबली की गोलाई आली. पॉलिश पेपर १५० पासून ६०० पर्यंत चढत जा.

शेवटी मेण किंवा लाख. सावंतवाडीचे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून रंग चढतो.

गॉगल, मास्क हवेतच. शिसवाचा भुसा अनेकांना बाधतो. आणि सैल बाह्यांचा शर्ट घालून लेथजवळ जाऊच नका.