खारीसाठी बंदूक कोणती घ्यावी?

आजचा विषय जरा वेगळा आहे आणि तो मी निवडलेला नाही. एकाच आठवड्यात दोन माणसांनी मला एकच प्रश्न विचारला : खारीसाठी बंदूक कोणती चांगली?

पहिला माझा भाचा. तो अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात नोकरी करतो. ऑफिसातल्या मित्रांनी त्याला शिकारीला बोलावलंय. दुसरे इथले, एचएसआर लेआउटमधले. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात, मूळचे बेळगावचे, त्यामुळे आमचं सगळं मराठीतच चालतं. मागच्या अंगणात त्यांनी चिकूचं झाड लावलंय. यंदा एकही चिकू पिकेपर्यंत झाडावर राहिला नाही. वर इंटरनेटची केबल दोनदा कुरतडली गेली. "काका, आता बंदूकच घेतो," ते म्हणाले.

मला का विचारतात, तर मी बरीच वर्षं दहा मीटर एअर रायफल खेळलो आणि आता मुलांना शिकवतो. ज्याच्या घरात रायफल, त्याला शिकारीतलंही कळत असणार, असा लोकांचा समज. थोडंफार कळतं. ते कसं, ते पुढे येईलच.

आधी भाच्याचं उत्तर, कारण ते सरळ आहे.

त्याचा फोन आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "तू कुठल्या व्हिसावर आहेस रे?" तो हसला. "मामा, बंदुकीचं विचारतोय, व्हिसाचं काय?" पण सुरुवात तिथूनच होते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एच-वन-बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला बंदी आहे. या बंदीला काही अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा अपवाद म्हणजे तिथल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. म्हणजे क्रम ठरला : आधी शिकारीचा कोर्स, मग परवाना, मग बंदुकीला हात. मित्र म्हणाला "धर जरा, बघ कशी आहे", तरी परवान्याआधी धरायची नाही. तिकडे राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींना असं आमंत्रण येईल, त्यांनी हे एकदा वकिलाकडून तपासून घ्या. एका दुपारच्या हौसेपायी व्हिसा धोक्यात घालू नका.

पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा परवाना घेणाऱ्याला हा कोर्स करावाच लागतो. जंगलात जाताना डोकं, छाती आणि पाठ मिळून 250 चौरस इंच भडक नारिंगी कापड अंगावर दिसायला हवं, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याला तुम्ही माणूस आहात हे कळतं. दिवसाला सहा खारी ही कमाल मर्यादा. आणि तिथली खार आपल्या खारीसारखी नाही. करड्या रंगाची, पट्टे नसलेली, अर्धा किलो भरणारी असते. लोक तिचं कालवण करून खातात.

आता बंदूक. व्हिडिओत मी फळ्यावर चित्रं काढून दाखवलं होतं, इथे शब्दांत सांगतो. तिकडे खारीसाठी मुख्यतः दोन प्रकार चालतात.

एक छऱ्यांची बंदूक, म्हणजे शॉटगन. आपल्याकडे 'बारा बोअर' हा शब्द सगळ्यांच्या कानावर असतो, पण बारा म्हणजे काय हे बहुतेकांना ठाऊक नसतं. नळीच्या तोंडात बरोबर बसेल अशी शिशाची गोळी घ्या. एक पौंड शिशात अशा बारा गोळ्या होत असतील तर ती बारा बोअर. वीस होत असतील तर वीस बोअर. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक होते. खारीला बारा बोअर नको, खांद्याला धक्का जास्त बसतो आणि मांसाची चाळण होते. वीस बोअर आणि सहा नंबरचे छरे पुरतात. अंतर साधारण तीस मीटरच्या आत. त्यापुढे छरे इतके फाकतात की खार मरत नाही, नुसती जखमी होऊन ढोलीत जाते.

दुसरी पॉइंट टू-टू रायफल. हिच्यातून एकच गोळी जाते, जेमतेम अडीच ग्रॅमची. नेम डोक्यावर धरतात, त्यामुळे मांस खराब होत नाही. पण ज्याचा हात बसलेला आहे त्याचंच हे काम. आणि एक मोठी अडचण आहे : ही गोळी दोन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. खार झाडावर, नळी आकाशाकडे. नेम चुकला तर गोळी कुठे जाईल? म्हणून नियम असा की खारीच्या मागे जाड खोड असेल तरच चाप ओढायचा. फांदीच्या टोकावर, मागे मोकळं आभाळ, असं असेल तर कितीही सोपी दिसली तरी सोडून द्यायची.

सप्टेंबर-ऑक्टोबरात झाडांवर दाट पानं असतात, खार क्षणभरच दिसते, तेव्हा जाणकार शॉटगन नेतात. पानगळ झाली, लांबून स्वच्छ दिसायला लागलं, की रायफल. भाच्याला मी सांगितलं, पहिल्या वर्षी वीस बोअर, तीही मित्राची उसनी. विकत घ्यायची घाई नको.

आणि आवाज. तिकडे खारीचा आवाज काढणाऱ्या वस्तू दुकानात मिळतात. रबरी भाता असतो, त्याच्यावर बोटाने टिचक्या मारल्या की खार भुंकल्यासारखा आवाज होतो. एक शिट्टी असते, पिल्लू सापडलं की जसं किंचाळतं तशी. काही जण तर पाव डॉलरची दोन नाणी काठावर काठ घासतात. त्या नाण्यांच्या काठाला खाचा असतात, त्यामुळे खार अक्रोड कुरतडतेय असा कर्र-कर्र आवाज येतो. लपलेल्या खारीला वाटतं, कोणीतरी खातंय म्हणजे धोका टळला, आणि ती बाहेर येते. मला यात सगळ्यात आवडलेली युक्ती नाण्यांचीच, कारण ती फुकट आहे.

पण आवाज निवडायचा तर खारीची भाषा थोडी समजायला हवी. संशोधकांनी या करड्या खारींच्या धोक्याच्या आवाजांचे तीन प्रकार केलेत. आखूड, तुटक 'कुक्'. लांबवलेला 'क्वाऽऽ'. आणि एक बारीक कण्हल्यासारखा सूर. हा कण्हण्याचा सूर मुख्यतः ससाण्यासारखा धोका वरून आला की निघतो. मांजरासारखा जमिनीवरचा शत्रू असेल तर शेपटीचे झेंडे जास्त हलतात. आता समजा, तुम्ही भाता जोरात बडवलात आणि धोक्याचाच आवाज काढलात, तर खार येणार कशाला? खोडाला चिकटून बसेल. नवशिक्याने भाता खिशातच ठेवावा आणि झाडाला टेकून वीस मिनिटं न हलता बसावं. खारी आपणहून फिरायला लागतात.

भाच्याचं झालं. आता खालच्या मजल्यावर या.

आपल्याकडे याच प्रश्नाचं उत्तर आहे : कुठलीच नाही. लोक इथे एका गोष्टीत हमखास फसतात. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या नळीची आणि 20 जूलच्या आतल्या ताकदीची एअरगन घ्यायला परवाना लागत नाही. दुकानदार हेच सांगतो आणि ते खरंही आहे. पण ऐकणारा त्याचा अर्थ लावतो की मारायलाही परवाना लागत नाही. बाळगणं आणि मारणं, यांचे कायदे वेगळे आहेत. आमच्या कर्नाटकातच बघा. कोडगूतल्या कोडवा समाजाला बंदूक बाळगायला परवान्यातून सूट आहे, 2019 मध्ये ती दहा वर्षांनी वाढवली. तरी त्या बंदुकीने रानडुक्कर मारलं तर वनखातं धरतंच.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यात 'शिकार' शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. मारणं तर आलंच, पण पकडणं, फास लावणं, विष घालणं, आमिष दाखवणं आणि यातलं काही करायचा नुसता प्रयत्न, हे सगळं शिकारच. कावळा, उंदीर, फळं खाणारी वटवाघळं यांची उपद्रवी प्राण्यांची वेगळी अनुसूची 2022 च्या दुरुस्तीपर्यंत कायद्यात होती. खार तिच्यात नव्हती, उलट पाचपट्टी खार नावानिशी संरक्षित यादीत होती. बंगळुरात दिसते ती बहुतेक तीनपट्टी. पण "माझी खार तीन पट्ट्यांची होती हो साहेब" असं वनाधिकाऱ्यापुढे पट्टे मोजत बसायची वेळ कोणी आणू नये. सध्या या कायद्याखाली साधारण गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा 1960 चा कायदा आहेच. त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांपूर्वी पन्नास रुपयांना किंमत होती, आता नाही.

हे सगळं मी शेजाऱ्यांना सांगितलं. ते गप्प बसले, मग म्हणाले, "काका, घेतलीय मी. मागच्या शनिवारी."

आणि मग मलाही माझी गोष्ट सांगावी लागली. कोल्हापूरजवळच्या आमच्या गावी, मी बारा वर्षांचा असताना, चुलतभावाकडे छऱ्याची बंदूक होती. परसातल्या चिंचेवर खार बसली होती. नेम बरोबर लागला याचा मला आनंद झाला, अर्धा मिनिट. खार पडली नाही. फांदीला चिकटून ओरडत राहिली. त्या एअरगनमध्ये तिला एका छऱ्यात मारण्याइतका दम नव्हता आणि दुसरा नेम धरायला माझे हात स्थिर राहिले नाहीत. संध्याकाळपर्यंत तो आवाज येत होता. आजीने दिवा लावताना विचारलं, "ती चानी का रे ओरडतीया?" मी सांगितलं नाही.

पुढे मी रायफल धरली ती कागदावरच. आणि तेव्हा कळलं की आमच्या खेळाची एअर रायफल ताकदीला किती मऊ असते, आठ जूलच्या आसपास. छऱ्याचं तोंड सपाट, कागदाला गोल भोक पडावं म्हणून. मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. तो साधायला लोक आयुष्य घालवतात. माझ्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलमध्ये ब्राँझ आणलं, तेही कागदातून नाही तर वर्षानुवर्षांच्या सरावातून. हलणाऱ्या खारीच्या दोन सेंटिमीटरच्या डोक्यावर, अंगणातून, मान वर करून नेम धरणाऱ्या हौशी माणसाचं काय होणार? तो खारीला अधू करतो. किंवा नेम चुकतो. एचएसआरमध्ये तीस फुटांवर समोरच्यांची बाल्कनी असते. छरा दोन-तीनशे मीटर जातो आणि डोळा जायला त्यातले तीस मीटर पुरतात.

एअरगन ही किरकोळ गोष्ट नाही, हे अरुणाचल प्रदेशात लोकांनी ओळखलं. मार्च 2021 मध्ये पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंग गावातून तिथे 'एअरगन सरेंडर अभियान' सुरू झालं. पक्षी आणि खारी टिपणाऱ्या बंदुका लोकांनी आपणहून आणून दिल्या, हजारांच्या वर.

बंदूक राहू द्या, पण चिकूंचं काय? तो प्रश्न खरा होता आणि शेजाऱ्यांचा राग पण खरा होता. एका रविवारी आम्ही दोघं अंगणात उभे राहिलो. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढतात, ती कुरतडल्याशिवाय राहूच शकत नाही. केबल लोखंडी नळीतून घ्यायला लावली. चिकूचं खोड एकटं असतं तर जमिनीपासून पाच फुटांवर दोन फूट रुंद पत्रा गुंडाळून काम झालं असतं. पण समोरच्या करंजाची फांदी थेट चिकूवर आली होती आणि तिच्यावरून इंटरनेटवाल्यांच्या केबलींचा गुंता. खारींचा तो हायवे. फांदी पालिकेच्या झाडाची, ती आपण तोडायची नाही, अर्ज करायचा. तोपर्यंत फळांना जुन्या सुती कापडाच्या पिशव्या बांधल्या. शेंड्याकडच्या फळांना हात पोचला नाही. शेजारी म्हणाले, "राहू द्या, तो खारीचा वाटा."

पिंजरा लावून लांब सोडून येऊ का, असंही त्यांनी विचारलं होतं. पकडणं म्हणजेही शिकार, हे वर आलंच आहे. आणि मादी पिल्लांना एकटीच वाढवते. तिला आगरा तलावाकडे नेऊन सोडलं तर इकडे घरट्यात काय होईल, ते मी सांगायला नको. जखमी खार सापडली तर मात्र हाताने उचलू नका, चावते. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून, आत कापड टाकून, अंधारात ठेवा, पाणी-दूध पाजू नका. बंगळुरात केंगेरीला पीपल फॉर ॲनिमल्सचं वन्यप्राण्यांचं रुग्णालय आहे, तिथे कळवा. तुमच्या गावी वनखातं.

त्या रविवारी पिशव्या बांधत असताना करंजावरून 'चिप्-चिप्-चिप्' सुरू झालं, एका ठेक्यात, थांबेचना. शेजारी म्हणाले, "बघा, आपल्यावरच ओरडतेय." मी त्यांना वर बघायला सांगितलं. खार आमच्याकडे बघतच नव्हती. दोन इमारतींपलीकडे पाण्याच्या टाकीवर शिक्रा बसला होता. मैनाही ओरडायला लागल्या होत्या. पाच मिनिटं आम्ही माना वर करून उभे होतो.

बंदूक अजून त्यांच्या कपाटावर आहे. दुकानदार परत घेत नाही. त्यांची मुलगी चौदा वर्षांची आहे, तिने विचारलं की रेंजवर येऊ का. मी म्हटलं, ये, पण ती बंदूक आणू नकोस, आमच्याकडची वापर. भाच्याचा कोर्स पास झाला. परवाना अजून यायचाय.