टोक वर, चेंडू पुढे

बरकतपुऱ्याहून शहर ओलांडून गोवळकोंड्याकडे गेले की नया किल्ल्याच्या तटबंदीत हैदराबादचे गोल्फचे मैदान लागते. ऐतिहासिक वास्तूच्या आवारात गोल्फ असावे का हा वाद जुना आहे आणि तो गंभीरपणे घेण्याजोगा आहे, पण इथे विषय वेगळा आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचे पदक एका फटक्याने हुकले तेव्हापासून गोल्फकडे वळून पाहणाऱ्या भारतीय प्रेक्षकांची संख्या वाढली, आणि टीव्हीवर जवळून दिसणारे एक दृश्य त्यांना बुचकळ्यात टाकते. खेळाडू पहिल्या फटक्यासाठी ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची काठी, चेंडूमागे ठेवतो तेव्हा त्या काठीचे डोके जमिनीवर सपाट बसलेले नसते. बाहेरचे टोक, म्हणजे टो, किंचित उचललेले असते. काहींचा ड्रायव्हर तर जमिनीला टेकतच नाही. जॅक निकलॉस तो अधांतरी धरत असे. कॅनडाचा मो नॉर्मन ड्रायव्हर चेंडूच्या चांगला फूटभर मागे ठेवून सुरुवात करायचा. एवढ्या काटेकोर खेळात सुरुवातच अशी वाकडी का?

याचे नेहमीचे उत्तर ‘ज्याची त्याची सवय’ असे असते. ते अपुरे आहे. ड्रायव्हर चेंडूपर्यंत परत येतो तेव्हा त्याचा आकार सुरुवातीसारखा राहिलेला नसतो. डोक्याचे वजन साधारण २०० ग्रॅम, वेग पुरुष व्यावसायिकांच्या बाबतीत सेकंदाला सुमारे ५० मीटर आणि फिरण्याची त्रिज्या दीड मीटर धरली, तर डोक्याला वर्तुळात धरून ठेवण्यासाठी जवळजवळ ३४ किलो वजन पेलण्याइतकी ओढ लागते. शिवाय डोक्याचा गुरुत्वमध्य दांड्याच्या रेषेत नसतो, तीन-चार सेंटिमीटर बाहेर असतो. ज्वारीच्या राखणीत गोफण फिरवताना दगड दोरीला ताणून हाताच्या सरळ रेषेत आणतो, तसाच हा गुरुत्वमध्य रेषेत यायला बघतो. दांडा लवचिक असल्याने वाकतो आणि टो खाली झुकते. त्यात भर म्हणजे फटक्याच्या क्षणी हातही सुरुवातीपेक्षा वर आलेले असतात, त्यानेही टो खालीच जाते. सुरुवातीला सपाट ठेवलेला ड्रायव्हर चेंडूवर पोहोचताना टो खाली खुपसून येईल. थोडी वर ठेवलेली टो तिथे सपाट येईल. उचललेली टो म्हणजे पुढे होणाऱ्या बदलाची आधीच केलेली वजाबाकी.

इथे एक रास्त आक्षेप येतो. सुरुवात आणि फटका यांत एवढा फरक असेल, तर सुरुवातीच्या पवित्र्याला महत्त्व कशाला? उलट त्यामुळेच आहे. ड्रायव्हर वरून खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो. डोळ्याने किंवा हाताने चूक ओळखून स्नायूंना नवा हुकूम पोहोचवायलाच सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. ॲलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्ज यांच्या १९६८ च्या पुस्तकातही हाच मुद्दा आहे: खाली येणाऱ्या फटक्यात जाणीवपूर्वक दुरुस्ती करता येत नाही. चेंडू आणि ड्रायव्हर एकमेकांना चिकटलेले असतात तो काळ तर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढा. जे ठरवायचे ते उभे असतानाच ठरवावे लागते.

पण काय ठरवायचे? माझा खरा मुद्दा इथे आहे. टो किती उचलली यावर मार्गदर्शक आणि छायाचित्रे जेवढा भर देतात, तेवढी ती ड्रायव्हरच्या बाबतीत निर्णायक नाही. साधे त्रिकोणमितीचे गणित करून पाहा. फटक्याच्या क्षणी टो पाच अंशांनी चुकीची राहिली, तर दहा अंश तिरप्या तोंडाच्या ड्रायव्हरची दिशा एका अंशाहूनही कमी बदलते. २३० मीटरवर तो फरक साडेतीन मीटरच्या आसपास पडतो. तीस मीटर रुंदीच्या फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, ही चूक कोणाला कळणारही नाही. हाच पाच अंशांचा दोष जवळच्या फटक्याच्या ५६ अंशांच्या काठीत, वेजमध्ये, दिशा सात अंशांहून अधिक फिरवतो, म्हणजे शंभर मीटरवरच तेरा मीटर. दुकानात आयर्न, म्हणजे वेजसारख्या धातूच्या पातळ डोक्याच्या काठ्यांचा कोन खेळाडूच्या उंचीप्रमाणे वाकवून देतात ते म्हणूनच योग्य आहे. तोच नियम तसाच उचलून ड्रायव्हरला लावणे योग्य नाही.

आता चेंडूच्या जागेकडे पाहा. उजव्या हाताच्या खेळाडूला सांगतात की ड्रायव्हरसाठी चेंडू डाव्या टाचेसमोर ठेव आणि टी, म्हणजे चेंडूखालची खुंटी, उंच ठेव, म्हणजे वर्तुळाचा तळ ओलांडून वर चढताना ड्रायव्हर चेंडूला भेटेल. हेतू चांगला आहे. मात्र ते वर्तुळ भिंतीसारखे उभे नसते, जमिनीशी ४५ ते ५० अंश कललेले असते. तळ ओलांडला की ड्रायव्हर वर चढतो आणि त्याच वेळी डावीकडे, आतही वळतो. चेंडू तळाच्या आठ सेंटिमीटर पुढे ठेवला, तर दीड मीटर त्रिज्येच्या वर्तुळात चढण सव्वादोन अंशांची मिळते, पण मार्गही जवळजवळ दोन अंश डावीकडे जातो. तोंड लक्ष्याकडेच राहिले तर चेंडू सरळ सुटून उजवीकडे वळू लागतो, आणि २३० मीटरपर्यंत दहा-पंधरा मीटर सहज सरकतो. टोच्या चुकीच्या तीन-चार पट! सल्ला मानून चेंडू पुढे सरकवणाऱ्या आणि पाय व खांदे होते तिथेच ठेवणाऱ्या हौशी खेळाडूचा फटका का वळतो याचे मोठे कारण हे आहे. पवित्र्यात चेंडू पुढे नेला की सगळी रेषाही थोडी उजवीकडे फिरवावी लागते. हे अर्धे वाक्य सल्ल्यातून गळते आणि त्याची किंमत खेळाडू मोजतो. डावखुऱ्या गोल्फपटू दीक्षा डागरला हेच सगळे आरशातल्यासारखे उलटे लागू होते.

ही भूमिती थिओडोर जॉर्गेनसन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ च्या गोल्फविषयक पुस्तकात मांडली. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या शिकवले जात होते की चेंडू ड्रायव्हरच्या मार्गाने सुटतो आणि तोंडाच्या दिशेने वळतो. रडारने मोजमाप सुरू झाल्यावर उलटे दिसले: ड्रायव्हरच्या फटक्यात चेंडूची सुरुवातीची दिशा सुमारे ८५ टक्के तोंडच ठरवते. पण जॉर्गेनसनच्याही शंभर वर्षे आधी एका माणसाने या सगळ्याचा पाया घातला होता, आणि गोल्फच्या चर्चेत त्याचे नाव आजही फार क्वचित ऐकू येते. पीटर गथ्री टेट, एडिनबरा विद्यापीठातले नैसर्गिक तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. टेटनी चेंडूला बारीक फीत बांधली, तो मातीच्या लाद्यावर मारायला लावला आणि फितीला पडलेले पीळ मोजून चेंडू सेकंदाला किती गिरक्या घेतो हे काढले. कॅमेरा नाही, रडार नाही, फक्त फीत! १८९० च्या दशकातल्या त्यांच्या निबंधांनी दाखवून दिले की मागच्या दिशेने फिरणारा चेंडू हवेतून स्वतःला उचलून धरतो, आणि फिरकी नसती तर तो खूप आधी खाली आला असता. फिरणारा चेंडू वळतो हे न्यूटनने १६७२ मध्ये टेनिसवरून लिहून ठेवले होते, पण गोल्फच्या लांब फटक्याचे कारण हीच फिरकी आहे हे मोजून दाखवणारे टेटच.

त्यांच्याबद्दल एक गोष्ट मात्र आवडीने सांगितली जाते: टेटनी गणिताने फटक्याची कमाल मर्यादा ठरवली आणि त्यांच्या चॅम्पियन मुलाने, फ्रेडीने, ती ओलांडून बापाला खोटे पाडले. कथा रंगतदार आहे, पण टेटवर अन्याय करणारी आहे. ते गणित फिरकी नसलेल्या चेंडूचे होते. प्रत्यक्ष फटके त्याहून लांब जातात हे पाहूनच तर ते फिरकीपर्यंत पोहोचले. फिरकीचा हाच धागा पुढे नेत भौतिकशास्त्रज्ञ जे. जे. थॉमसनने १९१० मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गोल्फच्या चेंडूवर भाषण दिले, त्यात इलेक्ट्रॉनचा झोत चुंबकाने वळवून चेंडूचे मार्ग काढून दाखवले. टेट त्याआधी, १९०१ मध्येच गेले होते.

टेटच्या शोधाचा पवित्र्याशी थेट संबंध आहे. फिरकी हवी, पण बेताची. जास्त झाली तर चेंडू वर चढून ताकद घालवतो. ड्रायव्हर चढत्या मार्गाने भेटला की चेंडू तितक्याच उंच कोनात, पण कमी फिरकीने सुटतो. यावर जाणकार म्हणतील की अमेरिकेच्या पुरुष व्यावसायिकांची सरासरी पाहा, रडार कंपनीच्या आधीच्या प्रसिद्ध आकड्यांत ती उणे १.३ अंश होती, म्हणजे ते किंचित खालीच मारतात. आकडा खरा आहे. पण त्याच कंपनीच्या महिला व्यावसायिकांच्या सरासरीत तीन अंशांची चढण होती. पुरुषांच्या हाती वेग मुबलक, म्हणून थोडे अंतर सोडून ते नियंत्रण घेतात; सेकंदाला सुमारे ४२ मीटर वेगाने खेळणाऱ्या महिलांना प्रत्येक मीटर कमवावा लागतो. हौशी खेळाडूचा वेग बहुतेक वेळा याहूनही कमी असतो. त्याने टीव्हीवरच्या पुरुषांची नक्कल करण्यापेक्षा महिलांचे सामने लक्ष देऊन पाहावेत.

ड्रायव्हर अधांतरी धरण्याबाबतही खूप काही सांगितले जाते. टेकवताना चेंडू हलला तर दंड होईल म्हणून, असे एक कारण देतात. ते टीवरच्या फटक्याला लागू पडत नाही, कारण तिथे फटका मारण्याआधी चेंडू टीवरून पडला तर दंडच नसतो. खरा लाभ एवढाच की सुरुवातीला गवतात अडकणे टळते आणि हात आखडत नाहीत. ज्याला टेकवून सैल राहता येते त्याने खुशाल टेकवावा.

तेव्हा नया किल्ला असो वा पुण्यातले येरवडा, पवित्रा सुधारायचा असेल तर आधी पावडरचा डबा न्या. ड्रायव्हरच्या तोंडावर पातळ थर द्या, दहा फटके मारा, आणि खुणा मधोमध उमटतात की ड्रायव्हरच्या टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला, ते पाहा. खुणा मधोमध असतील तर टो कशी दिसते याची चिंता सोडा आणि चेंडूची जागा व खांद्यांची रेषा या दोनच गोष्टी एकत्र तपासा.