बालाघाटावरची होडी

येरमाळा हे धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातील गाव येडेश्वरी देवीच्या चैत्री यात्रेमुळे महाराष्ट्राला परिचित असले, तरी होडीशी त्याचा संबंध जोडण्याची कल्पना सहसा कोणाच्या मनात येत नाही. बालाघाटाच्या डोंगररांगेवरील हा मुलूख पर्जन्यछायेत मोडतो आणि येथील पावसाचे पाणी काही गोदावरीकडे, तर काही भीमेकडे वाहून जाते. तथापि धनेगाव येथील मांजरा प्रकल्प, तेर येथील तेरणा प्रकल्प, माकणीचा निम्न तेरणा प्रकल्प आणि परंडा तालुक्यातील सीना-कोळेगाव प्रकल्प यांच्यामुळे या कोरड्या भागात विस्तीर्ण जलाशय निर्माण झाले, त्यांत कटला, रोहू आणि मृगळ या माशांचे बीज सोडले जाऊ लागले आणि नदीच्या डोहांत पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्या भोई समाजाला खोल पाण्यावर टिकेल अशा होडीची गरज भासू लागली.

ही गरज प्रथम भागवली ती चप्पूने. थर्माकोलचे जाड ठोकळे एकत्र आवळून आणि त्यांवर प्लास्टिकचे कापड गुंडाळून तयार केलेल्या तराफ्याला मराठवाड्यात चप्पू म्हणतात. चप्पू स्वस्त असतो आणि एकट्या माणसाला उचलता येतो. शिवाय त्याला बुडण्याची भीती फारशी नसते, कारण दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि वीस सेंटिमीटर जाड थर्माकोल पूर्ण पाण्याखाली गेल्यास सुमारे 400 लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजेच जवळपास तेवढ्याच किलोंचा भार तोलून धरू शकतो. त्याचे दोष मात्र गंभीर आहेत. त्याला कडा नसल्याने लाट थेट अंगावर येते, उभे राहून जाळे ओढताना तो एका बाजूला कलतो, उन्हाने ठिसूळ होतो आणि त्याचे सुटलेले दाणे पाण्यात व माशांच्या पोटात जातात. त्यामुळे ज्याला शक्य होते तो मच्छीमार काचतंतू आणि रेझिन यांच्या थरांपासून बनवलेल्या, म्हणजे बोलीभाषेत फायबरच्या, होडीकडे वळतो. अशा होडीचे रिकामे कवच विकत घेऊन पुढची जोडणी घरच्या अंगणात करणे हा खर्च वाचवण्याचा उत्तम मार्ग ठरतो.

भाराचा हिशेब

चार मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद होडीचा पाण्याला टेकलेला पृष्ठभाग साधारण साडेतीन चौरस मीटर भरतो. म्हणून ती एक सेंटिमीटर खाली जाण्यासाठी सुमारे 35 किलो भार लागतो. कवचाचे 80 किलो, दोन माणसांचे 130, जाळ्याचे 25 आणि मासळीचे 50 असे वजन धरल्यास एकूण भार 285 किलो होतो आणि तळाकडे होडी निमुळती असल्यामुळे ती दहा-बारा सेंटिमीटर पाण्यात बसते. कडेची उंची 45 सेंटिमीटर असेल तर पाण्याच्या वर तीस सेंटिमीटरांहून अधिक कड उरते. जलाशयावरील लाटांसाठी ही उंची राखणे अत्यावश्यक असल्याने जोडणी करताना वाढणाऱ्या प्रत्येक किलोचा विचार करावा लागतो.

वजन कमी ठेवण्याचे दुसरे कारण येथील हवामानात आहे. उन्हाळ्यात जलाशयाचा काठ मागे सरकतो आणि होडी गाळातून किंवा मुरमाड उतारावरून ओढत न्यावी लागते. 2016च्या दुष्काळात मांजरा प्रकल्प कोरडा पडला आणि लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. अशा वर्षी होडीचा मुक्काम जमिनीवरच असतो. सागरी होडी खाऱ्या पाण्याचा आणि लाकूड पोखरणाऱ्या किड्यांचा विचार करून सज्ज केली जाते, तर या भागातील होडी सज्ज करताना ऊन, दगड आणि दीर्घ कोरडा काळ यांचा विचार अगोदर करावा लागतो.

अंगणातील जोडणी

पहिले काम आसनांचे असते. होडीच्या रुंदीत बसवलेल्या आडव्या फळ्या केवळ बसण्यासाठी नसून दोन्ही बाजूंना ताणून धरतात, म्हणून त्या पक्क्या बसवणे आवश्यक ठरते. त्यासाठी साधे प्लायवूड न वापरता आयएस 710 या भारतीय मानकाचे मरीन प्लायवूड घ्यावे, कारण त्यातील डिंक पाण्याने सुटत नाही. कडा मात्र रेझिन किंवा रंगाने बंद कराव्या लागतात. फळ्यांना आधार देणाऱ्या पट्ट्यांसाठी गावच्या सुताराकडील जुनी, चांगली वाळलेली बाभूळ उपयोगी पडते. तळाच्या बाहेरच्या अंगाला लांबीच्या दिशेने घासपट्ट्या बसवल्यास पाण्याखाली गेलेली झाडांची खोडे आणि काठावरचे दगड यांचा मार कवचाऐवजी त्या पट्ट्यांवर पडतो.

वल्ह्यांची जागा ठरवताना वल्हवणारा होडीच्या मागच्या बाजूकडे तोंड करून बसतो हे ध्यानात ठेवावे. वल्हे अडकवण्याची खुंटी आसनाच्या मागच्या कडेपासून साधारण तीस सेंटिमीटरवर असल्यास हाताला पूर्ण ओढ मिळते. वल्ह्याची लांबी होडीच्या रुंदीच्या दुप्पट, म्हणजे येथे अडीच मीटरच्या आसपास, धरण्याचा ठोकताळा आहे.

मासेमारीच्या होडीत गुळगुळीतपणाला विशेष महत्त्व असते. पाण्यात पडद्यासारखे उभे राहणारे आणि माशाच्या कल्ल्यात अडकणारे नायलॉनचे जाळे कडेवरून सोडताना आणि ओढताना बाहेर आलेला प्रत्येक खिळा, बोल्ट वा तुटका कोपरा त्याला पकडतो. म्हणून बोल्टची डोकी फळीत खोल बसवावीत, कड गोल घासावी आणि जाळे ठेवण्याचा कप्पा पाय अडकणार नाहीत अशा रीतीने स्वतंत्र आखावा.

बुडाल्यावरही तरंगणे

संपूर्ण जोडणीत सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग राखीव प्लावकाचा, म्हणजे होडी पाण्याने भरली तरी तिला तरंगत ठेवणाऱ्या हलक्या व बंदिस्त आकारमानाचा, असतो. फायबर पाण्याच्या सुमारे दीडपट जड असल्याने 80 किलोचे कवच भरताच सत्तावीस किलोंच्या ओढीने तळाकडे जाते; त्यात यंत्र आणि बॅटरी यांची भर पडते आणि बाहेर पडलेल्या माणसांना धरण्यासाठी आधारही उरायला हवा. हा सर्व विचार करता किमान 140 ते 150 लिटरचा प्लावक राखावा. घट्ट झाकणाचे वीस लिटरचे सात रिकामे कॅन आसनांखाली पट्ट्यांनी जखडले तरी हे काम भागते. ते तळाशी न ठेवता कडेलगत आणि शक्य तितके वर बसवावेत, कारण तळाशी असलेला प्लावक भरलेल्या होडीला उलटवू पाहतो. थर्माकोल वापरायचा झाल्यास त्याला पॉलिएस्टर रेझिन किंवा पेट्रोल लागू देऊ नये; दोन्हींमुळे तो विरघळतो.

रेझिनचे काम करणाऱ्याने आणखी एक पथ्य पाळावे. रेझिन घट्ट करणारे हार्डनर आणि त्याचा वेग वाढवणारे कोबाल्टचे द्रावण एकमेकांत थेट मिसळल्यास स्फोट होऊ शकतो. म्हणून कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण घोटून घ्यावे आणि हार्डनर नंतर घालावे. काम सावलीत, मोकळ्या हवेत आणि हातमोजे घालून करावे.

यंत्र आणि नियम

पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात पेट्रोलच्या यंत्रापेक्षा वल्हे किंवा बारा व्होल्टची विजेची मोटर श्रेयस्कर ठरते. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरायची असे धरल्यास पंचवीस अँपिअर घेणारी मोटर दोन तास चालते. तेवढ्यावरच भिस्त न ठेवता वल्ही सोबत असावीत. अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 अनुसार यंत्रचलित होडीला नोंदणी आणि तपासणी लागते, तर जलाशयातील मासेमारीचा हक्क सामान्यतः ठेक्याने सहकारी संस्थेकडे असतो. त्यामुळे होडी सज्ज करण्यापूर्वी संस्थेकडे आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे चौकशी करणे हिताचे आहे. 2020मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत वैयक्तिक लाभार्थ्यांसाठी सर्वसाधारण गटाला 40 टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदानाचे प्रमाण ठरवण्यात आले.

21 मे 2024 रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी मार्गावरील प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. मान्सूनपूर्व वारे धरणाच्या उघड्या पाण्यावर किती अल्पावधीत धोकादायक ठरतात, याचा तो दाखला आहे. म्हणून घरी सज्ज केलेली होडी खोल पाण्यात नेण्यापूर्वी काठाजवळ गुडघाभर पाण्यात मुद्दाम काठोकाठ भरून पाहावी. भरलेली होडी सरळ तरंगत राहिली तरच जोडणी पुरी झाली असे समजावे, आणि त्यानंतरही प्रत्येक माणसाच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट असल्याशिवाय दोर सोडू नये.