शेण, वारा, कचरा आणि एक इस्पितळ

इस्पितळ रात्रीही झोपत नाही. दिवे, यंत्रे, वातानुकूलन सतत चालू. ही भूक कोळशाच्या विजेवर भागवायची आणि त्याच धुराने आजारी पडलेल्यांवर उपचार करायचे, ही विसंगती अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या ला क्रॉस शहरातल्या गुंडरसन आरोग्यसंस्थेला खटकली.

२००८ साली तिने कामाला हात घातला. आधी उधळपट्टी थांबवली, आणि शहाणपण खरे तिथेच होते. मग पवनचक्क्या उभ्या राहिल्या, लाकडाच्या ढलप्यांवर चालणारा बॉयलर आला, गोठ्यांतल्या शेणापासून वीज निघाली. कचराडेपोतला वायू तर नळाने थेट शेजारच्या ओनालास्का शहरातल्या संस्थेच्या आवारात आणला. त्यावर वीज तयार होऊ लागली आणि इंजिनाच्या उष्णतेने इमारती उबदार राहू लागल्या.

१४ ऑक्टोबर २०१४ रोजी संस्थेने वापरली त्याहून जास्त ऊर्जा निर्माण केली. अमेरिकेतल्या आरोग्यसंस्थांमध्ये हे पहिल्यांदाच घडत होते.