संगणक शाळेत आहे, मुलांच्या हाती नाही

‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेच्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीचे कार्यकर्ते २०१८ साली देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांत गेले, तेव्हा फक्त ६.५ टक्के शाळांत मुलं संगणक वापरताना दिसली. १४.८ टक्के शाळांत संगणक होता, पण त्या दिवशी मुलं तो वापरत नव्हती. उरलेल्या ७८.७ टक्के शाळांत मुलांसाठी संगणकच नव्हता. २०१० मध्ये वापर दिसलेल्या शाळा ८.६ टक्के होत्या. म्हणजे आठ वर्षांत संगणक असलेल्या शाळा सुमारे १६ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर गेल्या आणि वापर मात्र घटला! पाहणी एका दिवसाची. संगणकाचा तास दुसऱ्या दिवशी असू शकतो, हे मान्य. पण ही अडचण २०१० मध्येही तीच होती, त्यामुळे घसरणीचं कारण ती होऊ शकत नाही.

या आकड्यांचं दुसरं टोक म्हैसूरमध्ये आहे. १९८१ साली पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसच्या तिथल्या प्रशिक्षण केंद्रात हजारो नवे अभियंते दिवसभर संगणकापुढे बसून शिकतात. त्यांत आपल्याकडची मुलंमुलीही असतात. त्याच शहरात १९६३ पासून एनसीईआरटीची प्रादेशिक शिक्षण संस्था दक्षिणेतल्या राज्यांचे शिक्षक घडवते आहे. (महाराष्ट्रासाठीची संस्था भोपाळला आहे.) माझ्या मते, यंत्र आणि मूल यांच्यातला दुवा शिक्षकच आहे आणि खरी उणीव त्याच्या तयारीत आहे.

कारण प्रत्येकापुढे संगणक ठेवला की काम झालं, असंही नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांच्या संमतीने तासातल्या इंटरनेट वापराची नोंद ठेवली गेली. ११० मिनिटांच्या तासातली सरासरी ३७ मिनिटं समाजमाध्यमं, ईमेल, खरेदी, व्हिडिओ अशा अभ्यासाबाहेरच्या गोष्टींत गेली. ज्यांचा असा वापर जास्त, त्यांचे अंतिम परीक्षेतले गुण कमी. कॅनडातल्या २०१३ च्या एका प्रयोगात तर इतरांचे असे स्क्रीन नजरेसमोर असलेल्या विद्यार्थ्यांचे गुण १७ टक्क्यांनी घसरले.

शाळांची माहिती गोळा करणाऱ्या ‘यूडायस’ या सरकारी प्रणालीच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार देशातल्या ५७.२ टक्के शाळांत संगणक होते. हा आकडा यंत्रांचा आहे, मुलांना मिळालेल्या वेळेचा नाही. म्हणून पुढच्या पालकसभेत संगणक किती, एवढंच विचारून थांबू नका. माझ्या मुलाला आठवड्यात किती मिनिटं, कोणत्या विषयासाठी आणि कोणाच्या देखरेखीखाली तो मिळतो, हे विचारा.